पितांबरचे बांबू

पितांबरने केलेल्या खुर्चीवर बसायला धीर लागायचा. खिळा नाही, स्क्रू नाही, नुसते बांबू आणि सुती दोरी. बसलं की ती किंचित खाली जायची आणि बसणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळायचं. त्याचे वडील कौतिक आबा मूळचे साक्रीकडचे, जळगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी करून तिथल्याच पिंप्राळ्यात घर बांधून राहिलेले. ते खुर्चीवरून हात फिरवायचे आणि शेजारी जमिनीवर बसायचे. "तुन्ही खुर्चीवर बसाले भ्याव वाटस रे भाऊ," म्हणायचे.

पितांबर माझा शाळासोबती. मुंबईला आर्किटेक्ट झाला आणि एका मोठ्या ऑफिसात दुसऱ्यांच्या जिन्यांचे नकाशे काढत राहिला. आई आधीच गेलेली, त्यात आबांना दम्याने धरलं, म्हणून सत्त्याऐंशी साली तो परत आला. इथे कामं मिळायची ती प्लॉटवरच्या घरांची. खाली दोन खोल्या, वर गच्ची, पुढे सिमेंटची जाळी. ती तो मुकाट्याने उरकायचा आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांबू वाकवत बसायचा. आपल्या हातची एक तरी वस्तू या गावाने चांगली म्हणून वापरावी, एवढंच त्याला हवं होतं. तसं त्याने मला सरळ सांगितलंही होतं. आमचं गाव केळी देईल, भरीत खाऊ घालेल, पण कौतुक करायची वेळ आली की खिशात हात घालून उभं राहील.

मी हस्तीमल शेठजींच्या कापडदुकानात सेल्समन होतो. शेठजींनी लग्नाच्या साड्यांचा स्वतःचा ब्रँड काढला, आईच्या नावाने, 'जतन'. त्यासाठी त्यांना साऱ्या खानदेशात नाही असं दुकान हवं होतं. मी पितांबरचं नाव सुचवलं. शेठजी त्याच्या शेडमध्ये आले, खुर्चीवर बसले, दचकले आणि हसले. "साडी आणि फर्निचर एका घरचं वाटलं पाहिजे, पितांबरजी," म्हणाले आणि काम देऊन गेले.

पितांबर साक्रीकडे जाऊन स्वतः बांबू निवडून आला. त्या दिवसांत तो शिट्टी वाजवत काम करायचा. दोन लांब बांबू, मध्ये आडव्या काठ्या दोरीने बांधलेल्या, अशा शिड्या त्याने भिंतीला टेकवून उभ्या केल्या आणि त्यांवर साड्या सोडल्या. दुकान देखणं झालं होतं. मी ते आजही कुणाशीही भांडून सांगेन.

पण लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं घर येतं, आणि भिंतीवरची साडी बघून कुणी घेत नाही. ती पुढ्यात उलगडावी लागते. म्हणून शेठजींनी शिड्या आडव्या करायला लावल्या, पितांबरने त्यांना बुटके पाय केले. मग बांबूचं कुसळ एका शालूला लागलं आणि जरीचा धागा ओढला गेला. म्हणून जुन्या गाद्यांवरच्या पांढऱ्या चादरी त्यांवर अंथरल्या. चादर सरकू नये म्हणून पितांबरनेच ती ताणून दोरीने बांधली. रोज तेच बघत होतो, त्यामुळे आम्हाला कुणालाच काही दिसलं नाही.

तुळशीचं लग्न लागलं आणि शिरपूरकडचं एक कुटुंब बस्त्याला आलं. पुढे आजी झुंबरबाई, तिच्याशेजारी नवरी मुलगी. मी लाल शालू उलगडून चादरीवर पसरला. आजीने चादर चाचपली, खालचा बांबू चाचपला, दोरीच्या गाठीवर बोट ठेवलं. मग नातीचा हात धरून उठली.

"आठे बस्ता नही बांधना," एवढंच म्हणाली आणि चपला घालून निघाली. मी खाली पाहिलं. माझ्यापुढे तिरडी होती. दोऱ्या आवळायला आलेल्या, खांबापाशी उभ्या पितांबरलाही ती दिसली होती, त्याच्या तोंडावरून मला कळलं.

त्या हंगामात बस्त्याची मंडळी आमच्या दारावरून समोरच्या दुकानात गेली. शेठजी आवाज चढवून बोलले नाहीत. गादी-लोड परत आले आणि बांबू हातगाडीवरून पिंप्राळ्याला गेले. गावाने मात्र पितांबरला 'तिरडीवाला' करून टाकलं. पानाच्या टपरीवर हसत हसत म्हणायचे. माझं डोकं फिरायचं. तिरडीवाल्याने काढलेल्या नकाशाच्या घरात कोण राहणार, म्हणून त्याची घरांची कामंही गेली.

हे आबांच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवसापासून ते पितांबरच्या खुर्चीवर बसू लागले, धापा टाकत, दोन्ही हातांनी दांड्या घट्ट धरून. ते का बसतात हे पितांबरला कळत होतं. त्याला ते बघवायचं नाही.

पुढच्या थंडीत एका सकाळी आबा त्या खुर्चीतच गेले. शेजारी जमले. भटू नाना बांबू आणायला बाजारात निघाले. कॉलनीतल्या सगळ्या तिरड्या तेच बांधायचे. पितांबर त्यांना थांबवून शेडमध्ये गेला आणि दुकानातून परत आलेले बांबू घेऊन आला. "तू बस, तुला मडकं धरायचंय," नाना म्हणाले. त्याने ऐकलं नाही. खांदेकऱ्यांना कुसळ लागू नये म्हणून आधी पॉलिश पेपर घेऊन बांबू घासले, मग एकेक गाठ मारली. डोळ्यांत टिपूस नव्हता.

नानांनी तिरडी उचलून पाहिली, हलवून पाहिली. "बेस बांधी रे पितांबर," म्हणाले. चारदोन माणसांनी मान डोलावली. पितांबरने नानांकडे पाहिलं आणि तेव्हा कुठे तो रडला.

तो मुंबईला परत गेला नाही. नाना थकल्यावर पिंप्राळ्यात कुणी गेलं की त्याला बोलावणं जाऊ लागलं. 'तिरडीवाला' म्हणताना आता कुणी हसत नाही.

चौऱ्याण्णव साली माझी आई गेली. मी त्याच्याकडे पोचलो तेव्हा त्याला आधीच कळलं होतं आणि तो बांबू घासत बसला होता. मडकं धाकट्या भावाने धरलं, खांदा मी दिला. स्मशानातून परतताना माझ्या खांद्यावर साधा ओरखडाही नव्हता. मी त्याला म्हटलं, "चांगली झाली होती."

चित्रकलेच्या तासाला शाबासकी मिळाली की हसायचा, तसा तो हसला. त्या दिवशी मी आईसाठी रडलो नाही तेवढा त्या हसण्यासाठी रडलो.