मीठवाले मामा

आमच्या सानगडीचे लाइनमन मामा तक्रार आली की आधी खांबाकडे बघत नसत, जमिनीकडे बघत. डीपीच्या, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, बुडाशी उकिडवे बसून अर्थिंगच्या खड्ड्यातली माती मुठीत दाबत. ती भुरभुरली की चार घरी फिरून मूठमूठ मीठ मागत आणि बादलीभर पाण्यासोबत खड्ड्यात ओतत, म्हणजे वीज जमिनीत नीट उतरेल. गावाने नाव ठेवलं, मीठवाले मामा. "वरतं सारेच पायतेत, खालतं कोनी पायत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे होऊन दोनेक वर्षं झाली असतील. भर मे महिन्यात, ताईला बघायला पाहुणे यायचे त्याच दिवशी आमच्या घरांच्या ओळीची न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटली. बाबा शाळामास्तर, हार मानतील कसले! त्यांनी न्हाणीमागे लोखंडी सळई ठोकली, घरातली न्यूट्रलची तार तिला बांधली आणि पंखे फिरले. शेजारच्या दोन घरांनीही आपापल्या तारा तिथेच जोडल्या. कूलर मंदावला की बाबा ओरडत, "पानी टाक वं!" आणि आई अनवाणीच सळईपाशी घागर रिकामी करी.

मामा आले, ती ओली माती पाहिली आणि आधी ओळीचे फ्यूज काढून आले.

"पाव्हणे येऊन राहिले, अन् पंखे काहून बंद केले?" बाबा भडकले.

"घामानं पाव्हना मरत नाही, गुरुजी."

बाबांना पटेना. मग मामांनी सगळ्यांना दूर उभं केलं. एका बल्बची एक तार सळईला बांधली, दुसरी लांबवर हातपंपाला, आणि फ्यूज पुन्हा चढवून आले. बल्ब लालसर पेटला.

"हा करंट मातीत हाये. बाई उभ्या होत्या, तिथंच."

बाबांनी आईच्या ओल्या पायांकडे पाहिलं. एरवी अख्खी शाळा दणाणून सोडणारा माणूस खाली वाकला. त्यांनी स्वतःच्या चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या. फ्यूज उतरवून मामा तुटलेली तार जोडायला खांबावर चढले. तोवर आलेल्या पाहुण्यांना बाबांनी पुठ्ठ्याने वारा घातला. ताईचं लग्न जमलं.

मामांची पुढे मोहाडीला बदली झाली. इतका खरा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. गेल्या साली ते गेले. आई गुडघ्यांमुळे आता कुठेच जात नाही, पण मोहाडीला आलीच. मामींचा हात धरून म्हणाली, "बाई, तवापासून जगली ते सारे वर्सं मले तुमच्या घरच्याईनं देल्ले."

"कोनते वर्सं, बाई?" मामींनी विचारलं. मामांनी घरी यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. मग आई त्यांच्या शेजारी बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगू लागली.