तांबड्या गाडीवरचं चुन्याचं बोट

मी आयुष्यभर मोटारींचे पत्रे ठोकले. भुताखेतांची भीती कधी वाटली नाही. भीती वाटली ती गंजाची. भूत निदान कुणाला तरी दिसतं म्हणतात, आतला गंज कुणालाच दिसत नाही. तुमच्या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसत आलोय. आता तुम्ही मला हसा... पण आधी पूर्ण वाचा.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मालवणहून तारकर्लीकडे जाताना समुद्राच्या अंगाला माझ्या चुलत्याचं घर. काका तांडेल होता. स्वतःच्या शिडाच्या पडावातून नारळ, कौलं भरून मुंबईला न्यायचा. देश सोडून निघालेल्या एका साहेबाने त्याला आपली दोन माणसांची, उघडी, तांबडी स्पोर्ट्स कार विकली, आणि या गृहस्थाने ती पडावावर चढवून थेट मालवण बंदरात उतरवली! अर्धं गाव बघायला लोटलं. काकी मात्र "माझी सवत इली" म्हणून घरात निघून गेली. ती त्या गाडीत कधीच बसली नाही.

काकी म्हणजे आमच्या घरातली फणसाची डॉक्टर. झाडाखाली उभी राहून बोटाच्या पेराने फणसावर तीनदा टकटक करायची, कान लावून थांबायची, मग पुन्हा एकदाच टक्. फणस तयार असला की पानाचा चुना बोटावर घेऊन त्याच्यावर एक रेघ ओढायची. म्हणजे तो काढायचा. मला म्हणायची, "पोटात काय आसा ता भायरसून दिसणा नाय रे, वाजवल्यार कळता." पत्र्याच्या कामात याहून मोठा धडा मला कुणी दिला नाही.

त्या आषाढात काकी गेली. जाताना एकच बोलली, "कुसुमचा पयला बाळंतपण हंयच होऊक व्हया. तिका हाडा." कुसुम ही त्यांची एकुलती मुलगी, बेळगावला दिलेली. पण दिवाळीनंतर तिच्या सासरहून पत्र आलं: घरात आई नाही, तिथे पाठवायची कशाला? न्यायचीच असेल तर आठवा लागायच्या आत, रविवारपर्यंत न्या.

काकाने ठरवलं, पोरीला एसटीच्या धक्क्यांतून नाही, तांबड्या गाडीतून आणायची. मी तेव्हा कोल्हापूरच्या एका गॅरेजात होतो. वेल्डिंगची गॅसची टाकी घेऊन आलो. गाडी मांगरात, घराशेजारच्या छपरीत, नारळाच्या झापांखाली होती. वरून रंग आरशासारखा! काका दर महिन्याला तिला मुशी माशाचं तेल चोळायचा, पडावाला चोळतात तसं. गाडीची जमीन, म्हणजे तळाचा पत्रा, मात्र गंजून साफ गेली होती, वर मिठाचे थर.

"काका, ह्या खारा पाणी खंयसून इला?"

"मीच मारलंय. साहेब सांगी होतो, आत लाकडाचो सांगाडो आसा. लाकूड सुकला की फाटता. दर उन्हाळ्यात चार घागरी समुद्राचा पाणी घालतंय."

कपाळावर हात मारला मी. पडाव लाकडाचा रे बाबा, गाडीत लोखंडही असतं! पण रागावणार कुणावर? एवढ्या मायेने कुणी गाडी बुडवलेली मी पाहिली नव्हती.

जमीन नवी घातली. दाराखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक पोकळ पेटी जाते, गाडीचा सगळा भार तिच्यावर. दोन्ही बाजूंच्या पेट्या हातोडीने वाजवून पाहिल्या. खणखणीत. "शनिवारी निघ," मी काकाला सांगितलं.

गुरुवारी दुपारी, जेवून मांगरात आडवा झालो होतो. टक टक टक... मग जरा थांबून, टक्. वाटलं काका असेल. उठून पाहिलं, तर काका लांब वाळूत, जाळ्याशी बसलेला. आणि डाव्या दाराखाली, पेटीवर, बोटाएवढी पांढरी रेघ. मीठ फुललं असेल म्हणून फडक्याने पुसली आणि कामाला लागलो.

शुक्रवारी काका बाजारात गेला होता. भर दुपार, मी गाडीपासून चार हातांवर उभा. डोळ्यांसमोर कुणी नाही. टक टक टक... टक्. आणि तीच रेघ, त्याच जागी. बोटाने घेऊन जिभेला लावली. खारट नव्हती, जीभ पोळली. चुना होता. काकी गेल्यापासून त्या घरात कुणी पान खात नव्हतं.

मी पेटी कापली. वर कुणीतरी कधीकाळी नवा पत्रा चढवून झाकाझाक केली होती, तोच खणखण वाजत होता. आत खाऱ्या चिखलात मूळचं लोखंड पापडासारखं झालेलं. मुठीत चुरलं. आंबोली घाटाच्या वळणावर, पोटुशी कुसुम बसलेली असताना, गाडी मधोमध मोडली असती. आणि "निघ" म्हणणारा मी होतो.

काका आला. मी सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "किती वेळा वाजला?"

"तीन. मगे एक."

तांडेल माणूस, वादळात न डगमगलेला... कापलेल्या पेटीवर हात ठेवून खाली बसला. "तिचाच तो हात," म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

रात्रभर जागून दोन्ही पेट्या मी नव्याने केल्या. शनिवारचा अख्खा दिवस काका गाडीला कान लावून शेजारी बसून होता. संध्याकाळी उठला. "वाजाक नाय रे," म्हणाला. सुटल्यासारखं म्हणाला की हिरमुसून, मला कळलं नाही. रविवारी पहाटे नारळ ठेवून त्याने देवाला गाऱ्हाणं घातलं, मी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि तो एकटा बेळगावला निघाला.

ओळखीचे लोक म्हणतात, पेटीत खेकडा, आमच्याकडची कुर्ली, शिरली असेल, नांग्या आपटत असेल. असेल. पण कुर्ली चुना लावत नाही.

सोमवारी दुपारी तांबडी गाडी अंगणात आली. कुसुम सावकाश उतरली, "आवशीचा घर" म्हणून आईच्या उंबऱ्याला हात लावला आणि आत गेली. काका तिच्या मागून गेला. मी गाडीपाशी एकटाच उरलो. डाव्या दाराखाली बसून पेटीवर तीनदा टकटक केलं, थांबलो, मग एकदा. काकीला ऐकू जावं म्हणून जरा जोरातच.