थांब्यावरचा दिवा

नगरपालिकेच्या सभेत मी लेखा विभागाचा माणूस म्हणून भिंतीकडच्या खुर्चीत बसतो. कोणी आकडा विचारला तर सांगायचा, एरवी गप्प राहायचं. त्यामुळे माणसं पाहायला भरपूर सवड मिळते. पण एका बाईंकडे पाहता पाहता हातातला कागद खाली पडला आणि मला कळलंही नाही, असं या नोकरीत एकदाच घडलं.

बाजारामागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान आहे. सगळे त्यांना ताई म्हणतात, वयाने मोठे असलेलेसुद्धा. त्यांच्या थोरल्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. तो सायकली दुरुस्त करतो. ताई तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागल्या. "पाणी हवं की दूध, हे कार्टीने आधी बोटांनीच सांगितलं," असं त्यांची आई सांगायची. भावाने त्यांना नावही हातानेच ठेवलं: दोन बोटांची कात्री, हवेत एकदा चालवलेली. गावात या नावाने त्यांना हाक मारणारे बरेच आहेत. ऐकू न येणारी ही मंडळी कामं आटोपली की संध्याकाळी जुन्या बस थांब्यावरच्या दिव्याखाली जमतात. त्यात सुतार आहे, छापखान्यातला कामगार आहे, निवृत्त झालेल्या एक शिक्षिकाही आहेत. आवाज होत नाही, पण कोणी चेष्टा केली की सगळा बाक हसून हलतो.

बस तिथे थांबेनाशी झाली, म्हणून तो दिवा काढून टाकायचा विषय सभेपुढे आला. भावाने तो बाहेरच्या फळ्यावर वाचला आणि सभेच्या दिवशी ताईंना दुकानातून उठवून घेऊन आला. आमची सभा सगळ्यांना खुली असते. खुली म्हणजे दाराला कुलूप नसतं, एवढंच.

ताई भावासमोर बसल्या, व्यासपीठाकडे पाठ करून. त्यांचे हात चालू झाले तसा शिपाई धावला.

"ताई, इथे हातवारे करायचे नाहीत. सदस्यांचं लक्ष जातं."

"दादा, मग सदस्य काय हात बांधून बोलतात?"

शिपायाने अध्यक्षबाईंकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच 'राहू दे' म्हटलं.

पुढे जे पाहिलं ते सांगायला माझी भाषा तोकडी पडते. मागचं बोलणं ताईंच्या कानांत शिरत होतं आणि तिथल्या तिथे बोटांतून, भुवयांतून, खांद्यांतून पुढे जात होतं. कोणी आवाज चढवला की त्यांची हनुवटी वर जाई. एक सदस्य पाणीपुरवठ्यावर बोलत तेच तेच घोळवत राहिले, तेव्हा ताईंचा हात गोल गोल फिरत राहिला आणि भावाने जांभई दिली. दुसरे एक सदस्य शेजाऱ्याच्या कानाशी पुटपुटले, "यांना यातलं काय कळणार?" ताईंचे हात थांबले नाहीत. भावाने त्या सदस्यांकडे पाहून हसत नमस्कार केला.

"हेही सांगितलंत?" सदस्य कानकोंडे झाले.

"सभेत बोललात ना साहेब. मी काही चाळणी घेऊन बसलेली नाही."

मग दिव्याचा विषय निघाला. अभियंत्यांना पडद्यावर नकाशा दाखवायचा होता. पडदे ओढले, दिवे मालवले. ते बोलू लागले, थांब्याचा दिवा काढल्याने कोणाचं काही अडणार नाही, वगैरे. आम्ही सगळे ऐकत होतो. ताईंचे हात मात्र अंधारात गडप झाले होते. त्या भावाच्या तळव्यावर बोटाने काही लिहू पाहत होत्या. त्याने हात सोडवून घेतला, भिंत चाचपत गेला आणि सभागृहातले सगळे दिवे लावले.

"कोणी लावले दिवे?" अभियंते वैतागले.

भावाचे हात हलले आणि ताईंचा आवाज आला, "मी लावले. अंधारात तुमचं बोलणं चालू राहिलं. माझ्या बहिणीचं बंद पडलं. थांब्यावरचा दिवा गेला तर आमचं सगळ्यांचंच बंद पडेल."

कागद माझ्या हातून पडला तो तेव्हा.

"नकाशा उजेडातच दाखवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. पडद्यावरचं चित्र फिकं झालं. कोणाची तक्रार आली नाही. मघाचे पुटपुटणारे सदस्य उभे राहिले आणि त्यांनी भावालाच विचारलं, "किती वेळ चालतात तुमच्या गप्पा?"

"तुमच्या सभेपेक्षा लवकर आटपतात."

दिवा ठेवायचं ठरलं. अध्यक्षबाईंनी ताईंना पुढच्या सभेपासून व्यासपीठाशेजारी, सगळ्यांना दिसेल अशा जागी उभं राहायची विनंती केली. "दुकान सांभाळून येईन, आणि मानधन ठरवा," ताई म्हणाल्या. तेही त्यांनी भावाला हातांनी सांगितलं.

संध्याकाळी घरी जाताना मी मुद्दाम थांब्यावरून गेलो. बाक भरला होता. भाऊ सभेची गोष्ट रंगवून सांगत होता. शिपाई, जांभई, अभियंत्यांचा चेहरा, काही सुटलं नव्हतं. ताई खांदे चोळत बसल्या होत्या, दिवसभरात पहिल्यांदाच नुसत्या प्रेक्षक. मला त्यांना हाक मारावीशी वाटली, पण तिथे आवाज करणं बरं वाटेना. मी रस्त्यापलीकडूनच हात वर केला आणि दोन बोटांची कात्री एकदा चालवली, जरा वेडीवाकडीच.

त्यांनी मान वर केली आणि मला बसायला बाकावर जागा केली.