पुण्याहून आलेली पावडर

मलेरियातून उठलो तेव्हा माझ्या पायांनी राजीनामा दिलेला होता. चालता यायचं, पण एकदा जमिनीवर बसलो की उठता येईना. जेवायला मी पहिल्यापासून खालीच बसतो. टेबल-खुर्चीवर जेवलं की मला हॉटेलात बसल्यासारखं वाटतं. त्या दिवशी जेवण झालं, ताट सारलं आणि उठायला गेलो तर बूड हलेना. शेवटी घसटत घसटत खाटेपर्यंत गेलो आणि खाट धरून उभा राहिलो. बघायला घरात कोणी नव्हतं हे बरं, असं वाटलं. लगेच त्याचंच वाईटही वाटलं.

बायको गेल्यापासून गडचिरोलीच्या या घरात मी एकटाच असतो. मुलगी पुण्याला नोकरी करते. फोनवर बोलता बोलता ही गोष्ट माझ्या तोंडून निसटली, आणि झालं! म्हणाली, दिवाळीत मी स्वतः येऊन बघते, तोपर्यंत उठता आलं नाही तर घराला कुलूप लावून तुम्हाला पुण्याला घेऊन जाते. तिच्या फ्लॅटमध्ये मी एकदा राहून आलोय. ती कामावर गेली की दिवसभर आत आपण आणि आपला खोकला. मला जायचं नव्हतं. पण ती येणार हे ऐकून जीव हरखला, खोटं कशाला बोलू? मागच्या दोन दिवाळ्या तिच्याविना गेल्या होत्या.

थोड्याच दिवसांत तिचं पार्सल आलं. आत पांढऱ्या पावडरीचा डबा आणि त्यावर नाव, ग्वानिडिनोॲसिटिक ॲसिड. तिच्या जिममध्ये कोणीतरी सांगितलं होतं म्हणे.

"अवो माय, हे नाव घेता घेताच ताकद संपून राह्यली," मी फोनवर म्हणालो. ती हसली नाही. आधी डॉक्टरांना दाखवा, म्हणाली.

आमचा डॉक्टर इकडचाच. त्याने डबा फिरवून फिरवून वाचला.

"भाऊ, हे तं ब्रायलर कोंबड्यांच्या खाद्यात टाकते."

"मंग मी आता अंडे देऊ का?"

"ब्रायलर अंड्यासाठी नसते, भाऊ. मटनासाठी असते."

मग त्याने नीट सांगितलं. हा पदार्थ आपल्या शरीरातही तयार होतो, मुख्यतः किडनीत. यकृत त्याचं क्रिएटिन करतं आणि ते स्नायूंना जोर पुरवतं. माणसांवर मात्र याचा अभ्यास अजून थोडाच झालाय. रक्तात होमोसिस्टीन नावाचं काहीतरी वाढू शकतं. त्याने किडनीची तपासणी करवली, ती ठीक निघाल्यावर थोडी पावडर घ्यायला सांगितली आणि ते होमोसिस्टीन वाढू नये म्हणून सोबत बी-ट्वेल्व्ह, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या.

"पण नुसत्या पावडरीच्या भरोशावर नका राहू. रोज उठ-बस करा. आन् क्रिएटिन तं माशांतबी असते, ते खाणं काऊन सोडलं?"

मासे मी सोडले नव्हते. एका माणसासाठी मासे आणायचे, साफ करायचे, कढई घासायची, यातला जीवच गेला होता. ते त्याला काय सांगणार? तोंडाला चव नाही म्हणालो आणि निघालो.

मग रोज सकाळी भाताच्या पेजेत ती कडसर पावडर ढवळायची, आणि खुर्ची धरून उठ-बस करायची. गुडघ्यांना शिव्या घालायला मी मोकळा होतो. एका संध्याकाळी हात कुठेही न टेकवता उठलो. पावडरीने की उठाबशांनी, देव जाणे. आनंदाने सांगायला वळलो तर मागे नुसती भिंत.

लगेच मुलीला व्हिडिओ कॉल लावला, फोन पाण्याच्या पितळी गुंडाला टेकवला आणि तिच्यासमोर बसून पुन्हा उठून दाखवलं. तिने टाळ्या वाजवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कमाल केलीत बाबा! आता मला काळजीच नाही. मग दिवाळीत मी येत नाही हं, तसंही सुट्टीचं अवघडच होतं. उन्हाळ्यात नक्की येते."

"हो हो, कायले तरास घेतं," मी म्हणालो.

तिला आवडतो म्हणून चिन्नोर तांदूळ आणून ठेवला होता. तिची गादी उन्हात घालून झाली होती. मी जिंकलो होतो, घर वाचलं होतं, आणि तिसरी दिवाळीही तिच्याविनाच जाणार होती.

"बाबा, एकदा परत उठा ना. मघाशी रेकॉर्ड करायचं राहिलं."

मी खाली बसलो. मांड्यांत जोर चांगला जाणवत होता. कुलपाची भीतीही होतीच, ती काही कुठे गेली नव्हती. फोनमध्ये तिचा चेहरा वाट बघत होता.

"बाबा? उठा ना."

"नाई होऊन राह्यलं वो माय," मी म्हणालो. "तू ये."