वसुधाची मोरी

न्यू जर्सीतल्या चौदा वर्षांत वसुधा चिंचोळकर बर्फात गाडी चालवायला शिकली, बँकेच्या काउंटरवर उभी राहून परक्या लोकांचे पगार मोजायला शिकली, एकदा शेजारणीकडे टर्कीसुद्धा खाऊन आली. फक्त उभ्यानं अंघोळ करणं तिला जमलं नाही. करायची रोज, पण तिच्या मते ती अंघोळ नव्हतीच, नुसतं भिजणं होतं. पाठ गरम होईपर्यंत पोट गार पडायचं, आणि टाच घासायला एक पाय उचलला की दुसरा टबातून निघून जायचा.

त्यामुळे १९८६च्या मार्चमध्ये वेस्ट विंडसरच्या घरातल्या वरच्या बाथरूमच्या टाइल्स सुटायला लागल्या आणि मागची भिंत बोटानं दाबली तर आत जायला लागली, तेव्हा घरात एकटी तीच खुश झाली.

तिचा नवरा चंद्रशेखर औषधांच्या कंपनीत टेस्टिंगला होता. त्यानं भिंत तीन ठिकाणी दाबून पाहिली, ग्राफ पेपर काढला आणि वर लिहिलं, बजेट अडीच हजार डॉलर. खाली दोन रेघा मारल्या.

"यात सगळं बसवायचं. काय हवंय ते आत्ताच सांग."

"टब काढायचा," वसुधा म्हणाली. "तिथं मोरी करायची. खाली उतार, गुडघ्याएवढ्या उंचीवर नळ. स्टुलावर बसायचं, बादली भरायची, तांब्यानं पाणी घ्यायचं."

"अमेरिकेत मोरी?"

"अहो, आई येणारेत ना जूनमध्ये. मागच्या वेळी टबात चढताना किती हाल झाले त्यांचे."

आईचं नाव निघाल्यावर चंद्रशेखरनं मोरी ताबडतोब कागदावर काढली, इंचाच्या मापात.

पुढचे तीन आठवडे वसुधा जमिनीवर नव्हती. तिच्या पर्समध्ये टाइल्सचे नमुने खुळखुळायचे. रात्रीच्या जेवणात ती एकेका टाइलवर चमचाभर आमटी ओतून हळदीचा डाग राहतो का बघायची. तेरा वर्षांची उत्तरा ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसायची. बँकेत एका गिऱ्हाइकाला वसुधानं "किती रुंद पाहिजे?" असं विचारलं आणि त्यानं बिचाऱ्यानं विसाच्या नोटा मागितल्या होत्या.

मग ट्रेंटनहून डॉमिनिक आला. तीस वर्षं बाथरूम बांधणारा माणूस. त्यानं ग्राफ पेपर उलटसुलट करून पाहिला.

"जमिनीत ड्रेन. खाली नळ. समजलं," तो म्हणाला. "कुत्रा केवढा आहे?"

"कुत्रा नाहीये आमच्याकडे."

"मग धुणार कुणाला?"

"मला," वसुधा म्हणाली.

डॉमिनिकनं चंद्रशेखरकडे पाहिलं. चंद्रशेखर छताकडे बघत होता.

डॉमिनिकचा आकडा आला तीन हजार शंभर. चारी भिंतींना छतापर्यंत टाइल्स धरल्या होत्या. "बाई बसून अंगावर पाणी फेकणार. ते कुठवर उडेल मला काय माहीत? मी असं कधी पाहिलेलं नाही. भिंत परत सडली तर नाव माझं खराब होईल."

सहाशे डॉलर जास्त. तरी आईसाठी म्हणून चंद्रशेखर विचार करत होता. रविवारी सकाळी त्यानं अकोल्याला फोन लावला आणि ओरडून बातमी दिली. आईही तिकडून ओरडल्या, ते स्वयंपाकघरात वसुधालाही ऐकू आलं.

"मोरी कशाला रे? खाली बसले की मला उठवायला दोन माणसं लागतात. तुमच्याकडं तळमजल्यावर तो बिनटबाचा शॉवर आहे ना, मागच्या वेळी टबाला कंटाळून शेवटी मी तोच वापरत होते, तो फार छान. त्यात एक खुर्ची ठेव. मी तर इथंही शॉवर बसवून घेतला."

चंद्रशेखरनं फोन ठेवला आणि ग्राफ पेपरवरच्या मोरीवर फुली मारली. "सुटलो. वरती होता तसा टब बसवू. अठराशेत काम होईल."

वसुधानं पोळी तव्यावर तशीच ठेवली. "मला हवीय मोरी."

"तुला? मग आईचं नाव कशाला घेतलंस?"

"माझं नाव सांगितलं असतं तर तुम्ही पट्टी घेऊन बसला असता?"

तेवढ्यात पोळी करपली. ती त्यानं स्वतःच्या ताटात वाढून घेतली. जेवून झाल्यावर म्हणाला, "डॉमिनिक शनिवारी सही घ्यायला येतोय. तोपर्यंत अडीच हजारांत बसवून दाखव. नाही बसलं, तर टब."

बुधवारपर्यंत वसुधानं सगळीकडून कापून पाहिलं. स्वस्त नळ, साधा आरसा, जुनं बेसिन. दीडशेच्या वर काही सुटेना. पैसे सगळे भिंतींवर चालले होते. गुरुवारी नोटा मोजता मोजता तिच्या लक्षात आलं, की पाणी किती उडतं हे डॉमिनिकनं पाहिलेलं नाही, एवढीच तर अडचण आहे. मग दाखवायचं.

शनिवारी डॉमिनिकची गाडी आली तेव्हा गॅरेजसमोर खडूनं मोरी आखलेली होती, अगदी मापात. तीन बाजूंना फ्रिजच्या खोक्यांचे पुठ्ठे उभे केलेले. मधे स्टूल, बादली, तांब्या, आणि जुनी सुती साडी गुडघ्यापर्यंत खोचून बसलेली वसुधा. दोन घरं पलीकडची संध्या पाण्याचा पाइप धरून हसत उभी होती.

"मॉम, एव्हरीवन कॅन सी यू," उत्तरा गॅरेजमधून म्हणाली.

"बघू देत. पुठ्ठा धर."

वसुधानं पहिला तांब्या खांद्यावर घेतला. दुसरा पाठीवर. लहानपणी करायची तशी ती अंघोळ करत होती, घाई नाही, दिखाऊपणा नाही. बादली संपल्यावर डॉमिनिकनं टेप काढली. पुठ्ठा भिजला तिथं काळा पडला होता. डाव्या बाजूला एकोणतीस इंच, मागे एकतीस, उजवीकडे चार थेंब.

चंद्रशेखर इतका वेळ हाताची घडी घालून उभा होता. आता त्याच्यातला टेस्टिंगवाला जागा झाला. "एका बादलीवर निष्कर्ष काढता येत नाही. डोक्यावरून घे. जोरात. दिवाळीसारखी."

"वहिनी, डोक्यावरून," म्हणत संध्यानं पाइप बादलीत सोडला.

"आणि केस झटक," चंद्रशेखर म्हणाला. "वर्स्ट केस बघू."

वसुधानं केस झटकले. डॉमिनिक दोन पावलं मागे सरला, पण उशीर झाला होता. चष्मा पुसत त्यानं मापं घेतली. छत्तीस इंच. त्याच्या वर पुठ्ठा कोरडा ठणठणीत.

डॉमिनिक गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून बराच वेळ लिहीत बसला. दोन भिंतींना चार फूट टाइल्स, वर पाणी न धरणारा रंग, तिसऱ्या बाजूला नुसता रंग. आकडा झाला दोन हजार चारशे साठ.

चंद्रशेखरनं तो दोनदा तपासला. मग वसुधाकडे पाहिलं. तिच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं आणि ती त्याच्या हातातल्या पेनाकडे बघत होती. त्यानं सही केली.

"सोमवारी सुरू करतो," डॉमिनिक म्हणाला. "बाई, तुम्ही उठा आता, गारठाल."

"बसू दे तिला," चंद्रशेखर म्हणाला. त्यानं बूट काढले, संध्याच्या हातून पाइप घेतला आणि बादली पुन्हा काठोकाठ भरायला लागला.

"आता कसली टेस्ट?" वसुधानं विचारलं.

"कसलीच नाही. टाच घासायची राहिली ना तुझी?"