चार पानांची बारव

माझ्या चुलतसासऱ्यांइतका शब्दाला जागणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नसेल, आणि इतका ताप देणाराही. निजामाच्या अमदानीत ते पटवारी होते. संस्थान विलीन झालं तसं त्यांनी दप्तर सोपवलं आणि वालूरचा इतिहास लिहायला घेतला. ओट्याओट्यावर बसून म्हाताऱ्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या आणि सांगणाऱ्या प्रत्येकाला शब्द दिला, "तुमचं नाव छापून येईल." पुस्तक एवढं जाड झालं की छापायला कुणी धजेना.

शेवटी पुण्याच्या एका इतिहासाच्या मासिकानं कळवलं, एकेका प्रकरणाचा चार पानी लेख करून द्या, छापू. काकांनी पहिलं प्रकरण काढलं गावच्या बारवेचं. ज्वारी कापावी तसा सपासप मजकूर कापला. राजे गेले, शिलालेख गेला, स्वतःचे दोन लाडके तर्क गेले. नावं मात्र हलेनात. मी म्हटलं, "काका, नावंच काढा ना."

"जावईबापू, विचारल्याबिगर कसं काढू? शब्द दिलाय."

आणि खरंच निघाले की विचारायला. भर उन्हात, काखेत कागदांचा बस्ता मारून, दारोदार. "लेख मुख्तसर, चार पानांचा करायलोय, तुमचं नाव काढलं तर चालंल का?" आता असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? उलट जो तो चहा पाजून बारवेची आणखी एक गोष्ट सांगे, काका ती लिहून घेत, आणि रविवारी मी सहा पानांत उतरवलेला लेख पुढच्या रविवारी आठ पानांचा होई. जावई असून त्या घरात मला टाक-दौतीखेरीज दुसरा पाहुणचार झाल्याचं आठवत नाही.

एकटी धोंडामाय निराळी निघाली. बारवेतला गाळ उपसण्यात तिची हयात गेलेली. ती म्हणाली, "काढा की मालक. मला कुठं वाचता येतंय? तुमी इचारायला आलाव, लय झालं."

काकांनी परतून हे सांगितलं. मी म्हटलं, चला, एक नाव तरी कमी झालं. तर म्हणाले, "जी काढा म्हणती, तिचंच कसं काढू?"

अखेर लेख त्यांनीच चार पानांत बसवला आणि मला न दाखवता पोस्टात टाकला. अंक आला. सगळी नावं होती, धोंडामायचं सर्वांत आधी. लेखकाचंच कुठं दिसेना. मी संतापून संपादकांना पत्र लिहायला बसलो.

"त्यांची चूक नाही," काका म्हणाले. "एक ओळ जास्त होत होती, मीच काढली. माझी परवानगी घ्यायला उन्हात कुठं जायचं नव्हतं."

पुढचे सगळे लेखही तसेच छापून आले. त्यांचं नाव इथं तरी लिहावं, असं फार वाटतं. पण विचारायला काका आता राहिले नाहीत.