भिंतीकडे पाठ

माझ्या गळ-दोरांच्या दुकानात काउंटरमागच्या भिंतीवर एक फोटो आहे. बावीस वर्षं हार्लन टिडमोर त्या भिंतीकडे पाठ करून बसला. कॉफी प्यायचा, उकडलेल्या शेंगा सोलायचा, टरफलं माझ्या फरशीवर टाकायचा, पण मान वळवायचा नाही. नात्याने तो माझा मामा, आईचा चुलतभाऊ.

फोटोत मामाचा लहानपणीचा दोस्त कॉय लेथम दोन्ही हातांवर बास मासा घेऊन उभा आहे. माशाचं तोंड एवढं की त्यात माणसाची मूठ सहज जाईल. खाली कार्ड: चौदा पौंड सहा औंस, नऊ मार्च. आमच्या हॅचेट तलावात याहून मोठा बास कुणी तोललेला नाही. माशाच्या जबड्यातून लोंबणारा लाकडी मासा हार्लनमामाने कोरलेला. मासा सापडला ती जागा हार्लनमामाने दाखवलेली. आणि त्या नऊ मार्चला हार्लनमामा आपल्या आईला पुरत होता.

शवपेटी उचलायला सहा माणसं ठरली होती, त्यांत कॉय होता. सकाळी त्याचा फोन आला, पाठ धरली म्हणून. आमच्याकडे मुलगा पेटी उचलत नाही, मागून चालतो. त्या दिवशी मुलाला पुढे व्हावं लागलं. लोक थडग्यावर माती लोटत होते तेव्हा कॉय इथे दुकानात माझ्या वडिलांच्या वजनकाट्यावर मासा ठेवत होता.

आम्ही इथली माणसं बायकोला पगार सांगतो, पाद्र्याला पाप सांगतो, पण माशाची जागा सांगत नाही. सांगितलीच तर एकालाच, आणि त्यानेही दाखवणाऱ्याला सोबत घेतल्याशिवाय तिथे जायचं नसतं. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहायची वेळ आली नव्हती.

आणि जागा तरी कुठली? मामा अकरा वर्षांचा असताना वीज कंपनीने नदीला बांध घातला. मामाचं घर कंपनीने जाळलं, पाया राहिला, वर पाणी आलं. कॉयने तो मासा काढला तो मामाच्या आईच्या, यूला टिडमोरच्या, स्वयंपाकघराच्या पायऱ्यांवरून. ती वर पेटीत, तिचं स्वयंपाकघर खाली पाण्यात, आणि मध्ये कॉयची होडी.

त्यानंतर मामा कॉयशी एक शब्द बोलला नाही. माझ्याशी मात्र दर मार्चला बोलायचा.

“उतरव तो फोटो.”

“मोठा मासा आण मामा. काटा सांगेल तेव्हा उतरवीन.”

“तुझा बाप असाच होता. सगळं काट्यावर टाकायचा, म्हणजे स्वतःला काही ठरवायला नको.”

नियम वडिलांचा होता हे खरं. मी तो सोयीचा म्हणून पाळला, हेही खरं. फोटो बघायला बाहेरगावची गिऱ्हाइकं यायची.

मग मामाने त्या एका माशासाठी म्हातारपण खर्च केलं. लहान मासे पकडायची सगळी हत्यारं त्याने विकून टाकली. म्हणायचा, “वीस मासे धरणारा माणूस आणि एक धरणारा माणूस, यांचा धंदाच वेगळा.” मोठा बास म्हणजे मादी, जाड, आळशी, संशयी. ती दिवसातून एकदा खाते आणि मोठंच खाते. म्हणून देवदाराचा हातभर लाकडी मासा, मध्ये सांधा, पोटात शिसं ओतलेलं, पाण्यात सोडला की पान गळावं तसा खाली जाणारा. दोर पंचवीस पौंडांचा ताण सोसणारा. रीळ दोन फेरे फिरवायचं आणि थांबायचं. इतकं थांबायचं की शेजारच्याला वाटावं, म्हातारा झोपला.

मार्चमध्ये, अंडी घालायच्या आधी, या माद्या कडक जमिनीवर येतात. दगड आणि विटा ऊन धरून ठेवतात म्हणून. तलावाचा तळ आता सगळ्यांना होडीतल्या यंत्राच्या पडद्यावर दिसतो. पण पडद्यावर दिसणारे चार दगड म्हणजे मांसाला धुरी द्यायच्या खोलीचा पाया आहे, आणि तिचं दार दक्षिणेला होतं म्हणून ऊन तिकडूनच लागतं, हे ज्याने तिथे लहानपणी मार खाल्ला त्यालाच ठाऊक. कॉयला फक्त पायऱ्या माहीत होत्या.

आणखी एक गोष्ट. मामा गळाच्या टोकाचा उलटा दात पक्कडीने चेपून टाकायचा. अंड्याला आलेल्या मादीचा जबडा फाडायचा नाही, तोलायची आणि सोडायची, असं त्याचं होतं. दात नसलेला गळ दोर ताणलेला असेपर्यंतच धरतो.

या वर्षी गुडघा गेला म्हणून जाळं धरायला त्याने मला नेलं. सकाळचे दहा. पाणी शांत. मामाने धुरीच्या खोलीच्या पायावर लाकडी मासा टाकला आणि थांबला. मी सँडविच काढणार तोच त्याचा रॉड वाकला. उडी नाही, झटका नाही. तळच सरकायला लागल्यासारखं वाटलं.

“जाळं,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा.

ती एकदा वर आली. मी तीस वर्षं काट्याशेजारी उभा आहे, मला मासा बघून वजन कळतं. ती पंधराच्या वर होती. मामानेही बघितलं.

तेवढ्यात टेकाडाआडून कॉयची होडी आली.

मामाचे हात स्वतःच हलले. रिळाची कळ मोकळी केली, रॉड होडीच्या कडेने पाण्यात दाबला, रॉडची मूठ मांडीखाली घेतली आणि हात पुढे केला.

“सँडविच.”

“मामा, ती...”

“सँडविच दे आणि तोंड मिट.”

जागा कळू नये म्हणून ही युक्ती इथला प्रत्येक जण करतो. दुसरी होडी आली की दोर मोकळा सोडायचा. ओढ लागली नाही की मासा गप्प खाली बसतो. होडी गेली की पुन्हा ओढायचा. साठ वर्षांपूर्वी मामा आणि कॉय दोघांनी मिळूनच ती शिकून घेतली होती. तेव्हा गळांना दात असायचे.

कॉयने इंजिन बंद केलं आणि होडी वाहत जवळ येऊ दिली.

“काय लॉयड, आज दुकान बंद?”

“हो, कॉयकाका.”

“काही लागतंय का?”

“नाही. ऊन खातोय.”

“बरं ऊन आहे.” त्याने टोपी मागे सरकवली. “सँडविच कसलं?”

“बोलोन्या सॉसेजचं.”

“मोहरी लावलीय?”

“लावलीय.”

मामा पाण्याकडे बघत चावत होता. घास गिळत नव्हता. कॉयने थर्मास काढला, कॉफी ओतली, फुंकर घालून प्यायला. पाद्र्याच्या पित्ताशयाबद्दल बोलला. त्याच्या पोराने घेतलेल्या नव्या ट्रकबद्दल बोलला. माझ्या घड्याळात सहा मिनिटं झाली. मग त्याने इंजिन चालू केलं आणि गेला.

मामाने रॉड वर घेतला. दोर हलका आला, अगदी हलका. शेवटी लाकडी मासा आला, पाठीवर दातांच्या ओरखड्यांसकट.

मला वाटलं तो ओरडेल. त्याने उरलेलं सँडविच नीट कागदात गुंडाळलं, खिशात ठेवलं आणि म्हणाला, “धक्क्याकडे घे.”

धक्क्यावर कॉय होडी ट्रेलरवर चढवत होता. मामा लंगडत त्याच्यासमोर उभा राहिला. बावीस वर्षांनी.

“पंधराची होती.”

कॉयने दोरखंड ओढायचं थांबवलं. “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तुझा रॉड दिसत नव्हता, हार्लन. रॉडशिवाय होडीत बसलेला तू मला आयुष्यात दिसला नाहीस. आणि डावी मांडी वर होती. अजून डाव्याखालीच घेतोस.”

“मग थांबलास कशाला?”

कॉयने दोरखंड खाली ठेवला. पुढे जे बोलला ते मी त्याला कधी माफ करणार नाही, मामाने केलं तरी.

“बघायचं होतं, मासा जाऊ देतोस की मला दिसू देतोस.”

“आणि मी मासा ओढत राहिलो असतो तर?”

“तर जाळं धरायला आलो असतो.”

“खोटारडा,” मामा म्हणाला. “तेव्हाही पाठ धरली नव्हती तुझी.”

“नव्हती धरली,” कॉय म्हणाला. “मी पेटीपर्यंत येऊ शकलो नसतो. यूलामावशीने मला आठ वर्षं जेवू घातलं होतं.”

“म्हणून तिच्या पायऱ्यांवर गळ टाकलास?”

कॉयने दोरखंड बांधला आणि ट्रकमध्ये बसला. मला तेव्हा दोघांचाही सारखाच राग आला. त्याहून जास्त स्वतःचा. बावीस वर्षं मी काट्याच्या आड उभा होतो, आणि भिंतीवर काय टांगलंय ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आला. बसला नाही. काउंटरला वळसा घालून भिंतीसमोर उभा राहिला आणि फोटोकडे बघत राहिला. मी खुर्ची ओढून घेतली.

“उतरवतो मामा. मी मासा बघितलाय. बास झालं.”

“हात लावू नकोस,” तो म्हणाला. “काट्याने सांगितलेलं नाही.”

त्याने शर्टाच्या खिशातून चर्चचा जुना चौघडी कागद काढला. अंत्यविधीला वाटतात तो. वर यूला टिडमोरचं चित्र, खाली स्तोत्रांचे क्रमांक, खाली पेटी उचलणाऱ्या सहा जणांची नावं. पाचवं नाव कॉय लेथम. कागद आधीच छापून झाला होता. तळाला तारीख: नऊ मार्च. मामाने माझ्याकडून चार खिळे मागून घेतले आणि तो कागद फोटोच्या खाली, कार्डाच्या अगदी शेजारी ठोकला. एकही शब्द लिहिला नाही.

गिऱ्हाइकं आधी मासा बघतात, मग तारीख, मग दुसरी तारीख, मग नावं वाचतात. काही जण विचारतात. मी सांगत नाही. बहुतेकांना अर्थ लागतही नाही.

आठवड्याने कॉय दोर घ्यायला आला. वाचलं. टोपी काढली, पुन्हा घातली. त्याचे कान लाल झाले होते.

“लॉयड, उतरव तो फोटो.”

“मोठा मासा आणा कॉयकाका,” मी म्हणालो. “काटा सांगेल तेव्हा उतरवीन.”

मागे खुर्ची करकरली. मामा भिंतीकडे तोंड करून शेंगा सोलत होता. त्याने एक टरफल माझ्या फरशीवर टाकलं.

तेव्हापासून कॉय रोज तलावावर असतो. मामाही असतो. दोघांना तोच एक फोटो उतरवायचाय. होड्या एकमेकांसमोर आल्या की दोघेही रॉड हातात उघडा धरून ठेवतात आणि दोर सैल पडू देत नाहीत.